मनापासून वाटेपर्यंत

हॅलो?… हो वन्सं, मीच… नाही, घरी नाही, बागेत. तुमच्या भावापाशी. म्हणजे ते वर, मी खाली… झाडावर नाही हो! घसरगुंडीवर.

घसरगुंडी, घसरगुंडी! लहान मुलांची… पडले नाहीत. उतरतच नाहीयेत!

अहो, ऐका ना. ह्यांनी जन्मभर लिफ्ट तपासल्या, त्यामुळे घरातसुद्धा सगळं हलवून बघायची खोड. कुलूप लावायचं, ओढायचं, जिना उतरायचा, परत वर जाऊन ओढायचं. कुणाकडे जेवायला निघालो की तिथे आधीच माझा निरोप, 'पोचू कधीतरी'… हो ना. म्हणून एका समुपदेशक बाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, रोज एक तरी गोष्ट बिनकामाची करा, नुसती मजा म्हणून… मलाही पटलं. पण ह्यांनी मजेचंही काम करून टाकलं! शीळ घालायला घेतली, तर आरशासमोर तालीम. ओठ सुजेपर्यंत! मग बाई म्हणाल्या, कर्तव्य म्हणून नको, मनापासून वाटेल तेव्हाच करा.

झालं! आता मनापासून वाटायची वाट बघत वर बसलेत.

शिडीनं कसे उतरतील? शिडीभर पोरं आहेत… थांबा हं. "अहो, वाटलं का काही?"… म्हणतात, मघाशी किंचित वाटलं होतं, पण ते पोरं ओरडत होती म्हणून असावं. ते धरता येणार नाही.

ढकलू कशी? एक बाई ढकलायला निघाल्याच होत्या. त्यांना म्हणाले, मग ते माझं वाटणं नव्हे!

हसताय काय वन्सं! इथे एक चिमुरडी रडायला लागलीय… थांबा, मीच वर जाते. समोरून, घसरगुंडीवरूनच… "अहो, हात द्या!"… आई गं!

…हॅलो? आहे, आहे… पडलो. दोघंही, वाळूत. माझा पाय सटकला नि हे मला धरायला झेपावले… नाही हो, नाही लागलं. "तुम्हाला लागलं का?"… वन्सं, हे हसताहेत! खो खो हसताहेत, येतोय आवाज?… "मनापासून वाटलं का?"… म्हणतात, बघायचंच राहिलं!

अय्या, कुठे निघाले?… रांगेत! पोरांच्या मागे जाऊन उभे राहिले. चष्मा वाकडा झालाय, तोही सरळ करत नाहीयेत.

आणि वन्सं… पँट मागून चांगली वीतभर फाटलीय… काय? सांगू?

…नको. आज नको. ठेवते मी.