त्रोवसच्या मेल्तीनेला सलाम

— देते रे बाबा पत्र, पळून जातंय का ते? आधी ती मसुराची आमटी संपव. दक्षिणेचा वारा सुटल्याशिवाय त्रोवसच्या बंदरातून जहाज हलत नाही, आणि वारा अजून आळस देतोय. तुमच्या स्मुर्णाच्या मंडळीचे जे वडील, म्हातारे पुढारी, त्यांनी ख्रिस्ताच्या सगळ्या मंडळ्यांना लिहिलेलं पत्र, त्याची माझ्याकडची नक्कल तू मुळाशी ताडून बघणार, चुका काढणार, आणि तीच मासेदोनियात नेऊन वाचणार — कळलं मला. पण माणसाने पायांची धूळ तरी झटकावी. तू उंबऱ्यातच विचारलंस — बाहेर फिरणाऱ्या नकलांत शेवटच्या सलामांमध्ये ‘त्रोवसच्या मेल्तीनेला सलाम’ हे कुठून आलं, आमच्या मुळात तर नाही. मी म्हटलं, नक्कल करणाऱ्याची चूक असेल. आता तू विचारतोस, नक्कल केली कुणी. घे, भाकरी घे. मीच केली.

आमच्याकडे रीतच आहे — पत्रवाला वाऱ्यासाठी अडकला की तो झोपा काढतो आणि आम्ही त्याचं पत्र उतरवून घेतो. मी दासी होते तेव्हा जुन्या मालकाच्या मुलींसोबत मलाही चार वर्षं मेणाच्या पाटीवर अक्षरं गिरवायला बसवलं होतं, म्हणून ते काम माझ्या गळ्यात. बारा वर्षं मी ह्या पत्रवाल्यांचे पाय धुतेय, खारवलेली मासळी वाढतेय, उलट्या काढतेय — समुद्र लागतो एकेकाला, मग प्रभूचं नाव कमी आणि बादली जास्त. एखादा तिसऱ्या दिवशीही उठत नाही — खरा संदेष्टा दोन दिवसांत वाटेला लागतो, हे तुमच्याच वडिलांनी ठरवलंय — त्याला मी झाडू दाखवते. आणि पत्रांत सलाम कुणाला? अमक्याच्या घराला, तमक्याच्या घराला. माझ्या घराला एकदाही नाही. त्या दिवशी हे पत्र उतरवताना ती नावं लिहिता लिहिता हात थांबलाच नाही माझा. बस, एवढंच झालं.

मला वाटलं, गल्लीतली पाच घरं वाचतील, हसतील, विसरतील. पण माझ्या नकलेवरून एका तेलवाल्याच्या कारकुनाने उतरवून घेतलं, तो गेला करिंथला. करिंथहून कुणीतरी रोमला. मागच्या उन्हाळ्यात आलेक्सांद्रियाच्या धान्याच्या जहाजावरचा खलाशी दारात उभा — रेड्यासारखा गडी — म्हणतो, पत्रातली मेल्तीने तूच ना? आणि रडायलाच लागला. काय सांगणार त्याला? हो म्हटलं, चपला काढ म्हटलं. तेव्हापासून हे चालूच आहे. ज्याची ओळख नाही, ज्याला ह्या बंदरात कुणी विचारत नाही, तो माझं नाव विचारत येतो. समोर दोन खाणावळी आहेत, तिथे पिसवा आणि मारामाऱ्या. ते नाव पुसलंस तर उद्या उतरणारा माणूस कुणाचं दार ठोठावेल, सांग. आणि मी काय करू दिवसभर, कोंबड्यांशी बोलू?

हसू नकोस. हे घे पत्र. त्या ओळीवर बोट ठेवून बघू नकोस असा, त्यापेक्षा भांड.

मला माहीतय रे. तू हे मासेदोनियात उभा राहून वडिलांचे शब्द म्हणून वाचणार. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही ती माणसं ह्याच्यावर जीव टाकणार. त्यात माझी एक ओळ कशाला खोटी? बाहेर फिरतायत त्या नकलांच्या मागे मी धावू शकत नाही, पण हिच्यात राहू देणार नाही. दे तो ओला स्पंज इकडे. तू नको, मी पुसते. माझ्या हाताने लिहिलंय.

गेलं. बघ, डागसुद्धा नाही.

थांब — वरची ओळपण ओली झाली. अरे, ती बाई गेली की. थुवतीराची अम्मिया होती तिथे, ती तर खरी आहे, वडिलांनी स्वतः घातलेली. बोरू घे, लिही लवकर — थुवतीराच्या अम्मियाला सलाम. मोठं लिही, असं मुंगीसारखं नको. मी तिला उभ्या जन्मात बघितलेलं नाही. पण तिच्याही दारात कुणीतरी चिखलाच्या पायाने उभं असेल ना, पत्रातली अम्मिया तूच का, विचारत.

वारा फिरला. ऊठ, शिडं चढतायत. गुंडाळू नको ते, शाई ओली आहे अजून — तसंच हातात धरून जा.