परातीतलं मुसळ

सातवा महिना लागलेली त्रिवेणी सासूसोबत झरीच्या थांब्यावर गाडीची वाट बघत होती. काल ग्रहण होतं. चंद्र उगवायच्या आधीच सासूनं तिला आतल्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावली होती. मागच्या बाकावर दोघी म्हाताऱ्या बोलत होत्या.

"काल परातीत पाणी घालून मुसळ उभं केलं का न्हाई, पार्वतीबाई? आमचं ताठ उभं ऱ्हायलं. ग्रहणाचा परताप!"

"आमच्या सुनंनं सकाळीच उभं करून दाखवलं."

"सकाळी कुठं ग्रहण होतं?"

"तेच की! बूड सपाट असलं की कवाबी उभं ऱ्हातंय म्हनली."

"अगं बाई! मग खरं काय मानायचं?"

"ज्येंनी ग्रहणाचा टाइम काढला त्येंना माना. मोबाइलवर जो टाइम दिला, त्याच मिनिटाला चंद्र मोकळा झाला बघा. माझा पोरगा जेवायला कवा येतो ते मला सांगता येईना, अन् ह्येंनी आभाळातलं सांगितलं! लय मोठी डोकी!"

"तुमी बाहेर बघत बसला व्हय? सून तर पोटुशी हाय ना?"

"मीच हाताला धरून गच्चीवर नेली. उगवला तोच कडंला कुरतडलेल्या भाकरीसारखा. लय देखणा!"

"अन् पोटातलं?"

"ते सारखं लाथा मारायलंतं. म्हनलं, त्येला बी घाई झाली बघायची."

गाडी आली. त्रिवेणी उठली. सासू मात्र मागं वळून बसली होती.

"अवो बाई, पुढलं ग्रहण कवा हाय, तुमच्या सुनंला ठावं आसंल का?"