पालथी बादली

रॉकेलच्या रांगेत अंजनाचे कान पुढच्या दोघींकडे लागले होते.

"कौसाबाई, चामटोलीला तुमचं अंगण बघितलं. काय फुललंय. पाणी कोण घालतं?"

"कुणीच नाही. आमच्या ह्यांनी एका दिवसात माझे सगळे गुलाब उपटले. आठवडाभर मी बोलले नाही."

"मग?"

"त्यांनीच सदाफुली लावली, तिला शेळी तोंड लावत नाही. मोरीचं पाणी जातं तिथे कर्दळ. म्हणाले, गुलाबाला रोज माणूस लागतो आणि तुझे गुडघे गेलेत."

"तेव्हा आजारी होते का?"

"कुणालाच सांगितलं नव्हतं."

रांग सरकली. अंजना जागची हलली नाही.

"तीन वर्षं झाली त्यांना जाऊन. झाडांची बादली त्यांनी पालथी घातली, ती अजून तशीच आहे."