दोरीला हात न लावणाऱ्यांचा वाटा

मंडळी, बसा. दामूअण्णा गेले, त्यांच्या शोकसभेला तुम्ही कामधंदा टाकून शाळेत जमलात. पण बोलायला मला उभं केलंत, तिथे तुमचं चुकलं. मी दमलोय. आणि तीन वर्षं आमचं बोलणं नव्हतं, हे अख्ख्या तोंडवलीला ठाऊक आहे.

भांडण रापणीवरून. किनाऱ्यावर सगळ्यांनी मिळून जाळं ओढायचं, दोरीला हात लावील त्याला मासळीचा वाटा. हाच आपला नियम. अण्णा रापणीचे म्होरके. त्यांच्या सुनेने, आपल्या सुनंदाने, घरी कॉम्प्युटर आणला, इंटरनेटवर गावाचा ग्रुप काढला. मुंबईची पोरं, बोटीवरची पोरं, आखातातली पोरं, सगळी त्यात. अण्णा सांगायचे, ती टाईप करायची, 'आज बांगडो गावलो.' तिकडून पोरं लिहायची, 'अण्णानू, आमचो वाटो ठेवा!' गंमत हो ती. पण अण्णा खरंच वाटा काढायचे आणि त्या पोरांच्या घरी पोचवायचे.

मी भडकलो. 'हात नाय लावल्यांक वाटो कित्याक?'

'अरे, तेंची आवस हंय आसा मा!' अण्णा म्हणाले. पोर लांब असलं तरी आई इथेच ना, म्हणून.

मी म्हटलं, तो डबा म्हणजे गाव नव्हे. आणि तिथून उठून आलो. तेच आमचं शेवटचं बोलणं.

पुढे माझा सुहास मस्कतला गेला. माझ्याशी भांडून गेला. फोन नाही, पत्र नाही. रापण लागली की माझ्या पायरीवर मासळी यायची. मला वाटायचं, अण्णा कीव करतात. मी ती शेजारी देऊन टाकायचो. काय हा माझा ताठा!

परवा सुनंदाने मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. काय दाखवलं? सुहास दर आठवड्याला ग्रुपवर विचारायचा, 'बाबा बरे आसत मा?' खाली अण्णांचं उत्तर, दर आठवड्याला तेच. 'बरो आसा. सकाळी दर्यार दिसलो. माझ्यावांगडा बोलणा नाय, पण बरो आसा.'

पायरीवरची ती मासळी म्हणजे माझ्या सुहासचा वाटा. मस्कतपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मला सोडून.

अण्णानू, चुकलंय मी. हे तुमच्या तोंडावर सांगायला हवं होतं.

मंडळी, आता दोन मिनिटं गप्प उभे राहू. मला गप्प राहायची सवय आहे, तीन वर्षांची. मग सुनंदा, घरी चल, मशीन लाव. या आठवड्याचं उत्तर कोण देणार? मी सांगतो, तू लिही. 'बरो आसय. तुझो बापूस.'