सरांच्या नावचा मेल

हॅक-बिक काही न्हाई झालेलं मॅडम, बसा तुम्ही आधी — अन् तो तक्रारीचा फॉर्म राहू द्या तुमच्या हातातच. विद्यापीठाचे सगळे मेल ह्या खोलीतून चालतात, अठरा वर्षं मीच बघायलोय, हॅक झालं असतं तर मला कळलं नसतं का? उमाशंकर सर काय म्हणले काल, 'असा मेल मी लिहिलाच न्हाई'? म्हणू द्या की. रिटायर होऊन दीड वर्ष झालं, कंधारला निवांत बसलेत, विसरले असतील. कधीचा हाय मेल — मागच्या पोळ्याचा? बगा, तवा सरांचं खातं चालू होतं. नियम कसा हाय, माणूस रिटायर झाला की वर्षभर खातं चालू ठेवायचं, आलेला मेल त्याच्या घरच्या मेलवर फॉरवर्ड करायचा, वर्ष सरलं की बंद. म्हणून तुमचा परवाचा मेल वापस आला. संपला विषय.

घरचा मेल कुठला? तिथंच तर गंमत हाय! सरांना दुसरा मेलच नव्हता. म्हणलं, सर, फॉरवर्डिंग कुठं टाकू — तर म्हणले, तुझ्याकडंच टाक रे ग्यानोबा. नोकरीत असताना बी तसंच होतं, मी प्रिंट काढून न्यायचो, सर समासात पेनानं उत्तर लिहायचे, मी टाइप करून त्यांच्या खात्यातून धाडायचो. बारा-चौदा प्राध्यापकांचं आजबी असंच चालतंय, पासवर्ड सगळे माझ्यापाशी — हे बाहेर बोलू नका. रिटायर झाल्यावर? तवाबी पंधरा दिवसाला बसनं कंधारला प्रिंट न्यायचो की. पण रोज येतंय काय — सेमिनारचं आवतण, वाढदिवसाच्या शुभेच्छा. त्याला सरांना काय विचारायचं? 'आभारी आहे' लिहून टाकायचं, खाली सरांचं नाव आपोआप पडतंय. हाव, तुमचा मेल तसला नव्हता, तुमचा चांगला चार पानी —

तुम्ही सांगितलं न्हाई का चार पानी? मग मला... न्हाई, अंदाजानं म्हणलं.

बरं. आता लपवून काय करू ताई. तुम्ही लिहिलं होतं, लातूरला पतसंस्थेत नोकरी लागली, उमरीला घरचे म्हणायलेत पीएचडी सोड, सर, दोन दिवसांत कळवायचंय. मी सरांना सहा वेळा फोन लावला — उचलला नातवानं, अन् ठेवला बी नातवानं. मग लिहिलं मीच, 'लुंबिनी, सोडू नकोस.' कामून लिहिलं? तुमची तिन्ही प्रकरणं सरांना नेऊन द्यायच्या आधी मी वाचली होती म्हणून. बायका घरात बियाणं कसं राखतात — त्या नागुबाईचं, राखेत घोळून ठेवलेल्या ज्वारीचं — लई भारी लिहिलंय हो तुम्ही! अन् मी ह्या खुर्चीसाठी एम. ए. सोडलंय, दुसऱ्या वर्षाला. अजून सलतंय. पण माझं दुखणं तुमच्या गळ्यात कशाला घालायचं होतं? लागलेली नोकरी सोडली तुम्ही, एका ऑपरेटरच्या शब्दावर. वर्षभर तोंड दाखवायची हिंमत झाली न्हाई मला. भरा तो हातातला फॉर्म, घ्या हा पेन. नोकरी गेली तरी तक्रार न्हाई माझी.

हा फॉर्म न्हाई? मग कसला कागद — ऋणनिर्देश? प्रबंध सोमवारी जमा करायलाव? अरे वा! सरांचं नाव वर, नागुबाई बी हाय... अन् ही ओळ रिकामी कशाला सोडली?

मेल लिहिणाऱ्यासाठी? माझं नाव? न्हाई न्हाई न्हाई. याड लागलं का ताई? तो प्रबंध ग्रंथालयात कायमचा राहणार, कुलसचिवांनी उघडला तर विचारतील, ह्या ऑपरेटरनं कसली मदत केली म्हणून. अजिबात न्हाई. द्या तो कागद इकडं.

...ग्यानोबा लिहा. नुसतं ग्यानोबा. आडनाव नको, विभाग नको, मराठवाड्यात काय ग्यानोबा कमी हायेत का? अन् जावा आता, जावा, मागं लाईन लागली — हं, बोला सर, पासवर्ड विसरलात व्हय?