सुट्टीच्या दिवशी उचललेला फोन

फोन मीच उचलला. बोट दाखवायचं तर माझ्याकडे दाखवा. सूनबाईंनी ते मघाशीच दाखवलं आहे. बसा, नीट टेकून बसा. कंपनीची गाडी दाराशी आली म्हणून वैमानिक लगेच बाहेर पडत नसतो. दाढी करतो आहे तो. पाणी? नको? बरं.

आज त्याची सुट्टी होती हो, हक्काची. आणि आज दुपारी नातीच्या कानाचं ऑपरेशन आहे — दोनदा पोर उपाशीपोटी तयार झाली आणि दोन्ही वेळा तारीख पुढे ढकलली, कारण बापाला ऐन वेळी उड्डाण लावलं. भूल देताना बाबाच हात धरणार, असं तिने त्याच्याकडून कबूल करून घेतलेलं. म्हणून रात्री झोपायला जाताना फोन माझ्यापाशी ठेवून म्हणाला, "आई, हॉस्पिटलचा आला तरच घे. ऑफिसचा नुसता वाजू दे. उचलला नाही तर मी त्यांना सापडलो नाही. उचलला की सापडलो." सकाळी वाजला. मला वाटलं हॉस्पिटलचाच — चष्मा कुठे होता कोण जाणे — म्हटलं, आहे, घरीच आहे, उठवते. झालं.

हसू नका. मी स्वतः शाळेत बदली तास लावत असे. कोणी गैरहजर असलं की ज्याचा तास मोकळा, त्याच्या गळ्यात वर्ग — आणि हुशार मंडळी मोकळ्या तासाला प्रयोगशाळेत नळ्या पुसत बसायची. तिथूनही मी शोधून आणत असे. पण आमच्याकडे माणसं पुरेशी होती. इथे कॅप्टन नोकरी सोडून चालले आहेत आणि हे कंपनीवाले नवी विमानं घेताहेत. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे यांना कोणी शिकवलंच नाही का? नसावं.

त्याने नाही म्हणून पाहिलं. फोनवरची ऑफिसातली मुलगी तरी काय करणार — राखीव माणूस आजारी, दुसऱ्याचे उड्डाणाचे तास भरलेले. म्हणाली, मग साहेबांशी बोला. साहेबांशी तो एकदा बोलला होता. 'थकलो आहे' असं लेखी दिलं, तेव्हापासून त्याची बढती अडून आहे. शेवटी फोन मी हातात घेतला. म्हटलं, चूक माझी, काय ती शिक्षा मला करा. ती अगदी नम्रपणे म्हणाली, "मॅडम, तुम्ही आमच्या यादीत नाही."

सूनबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "आई, चष्मा तुमच्या नाकावर होता." — होता. ऑफिसचं नाव वाचलं होतं मी. पण हजर असून 'हजर' न म्हणणारा मुलगा मी वर्गात कधी खपवून घेतला नाही, आणि हा तर माझा — फोन उचलून 'कॅप्टनची आई बोलते आहे', असंही म्हणाले मी. ऐकून घ्या तेही.

तर ठरलं ते असं. तारीख आता पुढे जाणार नाही. आत सूनबाई जातील, हात त्याच धरतील. मी बाहेर बसेन. सूनबाईंना मान्य, मला मान्य. त्यानेही आरशात बघतच मान हलवली. पोरीला अजून सांगितलेलं नाही — ते काम त्याने माझ्याकडे दिलं आहे आणि मी हो म्हटलं आहे. आला बघा. उठा, बॅग घ्या त्याची. आणि गाडीत त्याच्याशी बोलू नका.