शेजारी चालायची सोय

चिन्... चिन्... चिन्... जोडव्यांचा आवाज हो! मिठागराचा दगडी बांध, पुढं मी, मागं माझी बायको बायजा, डोक्यावर मासळीची पाटी, आणि दर पावलाला तिची जोडवी दगडाला लागून चिन्... तुम्हाला सांगतो, उभा जन्म मी हाच आवाज ऐकला, कारण बांध एका माणसाचा! मागं वळून बघितलं की थेट मिठात. म्हणजे संसार झाला, पोरं झाली, नातवंडं झाली, पण ही बाई चालताना दिसते कशी, ते मला ठाऊक नाही! आता हे सांगायचं कुणाला?

बांध गेला, मिठागर गेलं, तिथं नवं शहर येतंय. येऊ दे की. माझं म्हणणं एवढंच, चालायची सोय पाहिजे... शेजारी चालायची!

तर या नव्या शहराचे रस्ते आखणाऱ्या क्षिप्रा मॅडम नकाशा घेऊन आल्या गावदेवीच्या मंडपात. पोर गोड. म्हणाली, "काका, इथे स्टेशन, इथे बस, इथे सायकलींचा रस्ता. तुमच्या गावाला काय हवं, मोकळेपणाने सांगा." झालं! आमचा गोटीराम उठला, "पार्किंग पायजे!" अरे, तुझ्याकडं गाडी कुठंय? "पोरगा घेनार हाय!" आणि मी, जन्मात सभेत तोंड न उघडलेला माणूस, उभा राहिलो. "मॅडम, फुटपाथ रुंद करा. दोन माणसं शेजारी चालतील एवढा." मॅडम म्हणाल्या, "नक्की, काका." तेवढ्यात गोटीराम ओरडला, "काकाला काकूचा हात धरायचा हाय!" सगळा मंडप हसला. बायजानं पदर तोंडावर ओढला आणि घरी आठवडाभर मला कालवणात मासा नाही, नुसता रस्सा! मी म्हटलं, असू दे. चालायची सोय पाहिजे.

पण आधी काय झालं? गाड्यांचा रस्ता! मग पूल! फुटपाथ सगळ्यात शेवटी... आणि इकडं बायजाचे गुडघे कुरकुरायला लागले. रात्री तेल चोळताना मी त्यांनाच सांगायचो, बाबांनो, थोडी कळ काढा रे, लाद्या बसवतायत!

आणि बसवल्या हो! असा ऐसपैस फुटपाथ, की बैलजोडी जाईल. पहिली बस सुटणार म्हणून सगळं गाव निघालं सकाळी, आणि निघालं कसं? एकामागं एक! सरळ रेघेत! पायांना कोण सांगणार, बांध गेला म्हणून? कोपऱ्यावर पोलीस शिट्टी मारत आला, "ओ, मोर्चा कसला? परवानगी आहे का?" गोटीराम म्हणाला, "मोर्चा नाय साहेब, आमी बस पकडायला चाललोय!" "मग रांगेत कशाला?" सगळे एकमेकांच्या पाठीकडं बघत उभे.

पोलीस डोकं हलवत गेला, गाव पुन्हा तसंच चालू लागलं. मागनं येतंय... चिन्... चिन्... नव्या लाद्या मळतील म्हणून बायजा अनवाणी, डोक्यावर पाटी, चपला हातात! मी पाय आखडता घेतला. एक पाऊल बाजूला सरकलो. आली... आली... आली शेजारी! म्हटलं, "बायजा, इकडं बघ की."

बघितलं तिनं. काय सांगू तुम्हाला... पाटी तोलताना मान अशी ताठ, कपाळावर घाम, आणि ओठ घट्ट मिटलेले, आत हसू कोंडल्यासारखे. अहो, हे जन्मभर माझ्या मागं चाललं होतं, आणि मी मिठाकडं बघत चाललो होतो!

इतक्यात मागनं गोटीराम खाकरला. "काका, धरा आता हात!"

संपलं. बायजानं पाटी सावरली, आणि तरातरा माझ्या पुढं निघून गेली... चिन्... चिन्... आता आपण मागं! आधी नुसता आवाज होता, आता पाठ तरी दिसते. चालायची सोय झाली म्हणायची!